रुमाल कुणी दाखवायचा

सोफा भिंतीला लागला, सतरंज्या पडल्या, टीपॉय आतल्या खोलीत गेलं, तरी कल्याणीचं गॅलरीत जाणं काही थांबेना. खाली टिळकवाडीची दुपार निवांत पसरली होती. समोरच्या बंगल्यातल्या बाई गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या उलट्या करत होत्या. रिक्षा वळली की कल्याणी कठड्यावरून वाकायची, आणि ती पुढं निघून गेली की आत येऊन सतरंजीची न पडलेली सुरकुती सारखी करायची.

"आई, अशा येरझाऱ्या घातल्यास ना, तर आप्पांना न सांगताच कळेल," चिन्मयी दबक्या आवाजात म्हणाली.

"कळू दे. मी तरी सुटेन या धाकधुकीतून. आज पोथी वाचताना एक पान सोडून पुढं गेले बघ. मार्गशीर्षातला गुरुवार, समोर घट मांडलेला, आणि माझं लक्ष कुठं? तर जिन्याकडं!"

"मग परत वाचलंस?"

"वाचलं की. देवीला काय अर्धीच कथा सांगायची?"

चिन्मयीला हसू आलं, पण धाकधूक तिलाही होती. बेंगळुरूत राहून तिनं बरीच नाटकं बसवली, नाव मिळवलं. वडिलांचं नाटक मात्र ती पहिल्यांदाच बसवणार होती. आणि त्यासाठी तिनं जे करून ठेवलं होतं, ते आज सकाळी पोळ्या लाटताना आईच्या कानात सांगितलं होतं. "आई, मी नागूकाकांना बोलावलंय. येतो म्हणालेत." कल्याणीची पोळी तव्यावरच राहिली. करपल्याचा वास आल्यावर आप्पांनी, म्हणजे श्रीपादरावांनी, आतून विचारलं, "काय गं, काय झालं?" आणि मायलेकी एका सुरात म्हणाल्या, "काही नाही!"

श्रीपादरावांचं नवं नाटक लिहून झालं की त्याचं पहिलं वाचन घरातच व्हायचं. देवापुढं समई लावायची, जेवणं उरकली की सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं, फोन बंद करून तांदळाच्या डब्यात टाकायचे. वाचन संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. समई लागल्यावर दारात जो येईल त्याला आत घ्यायचं, मग तो दूधवाला का असेना. एकदा तर विम्याचा एजंट सापडला होता. पुढं तो प्रत्येक प्रयोगाला तिकीट काढून आला.

या रीतीत एक जागा मात्र बरीच वर्षं रिकामी राहत होती. दाराजवळची, भिंतीला टेकायची. ती नागेंद्रची, चिन्मयीच्या नागूकाकांची.

*

जिन्यात पावलं वाजली तशी कल्याणी धावली. पण ते धवल आणि त्याची आई होते. शालूबाई म्हणजे कल्याणीची थोरली जाऊ, साऱ्या घराची आक्का. धवल तिचा मुलगा. खानापूर रोडला त्याचं गाड्यांचं शोरूम होतं, आणि काकाच्या नाटकमंडळींचा सगळा भार त्याच्यावरच होता. हॉल बघायचा, बस ठरवायची, आणि मुख्य भूमिकाही त्यानंच करायची.

"काकू, आनंदाची बातमी!" चपला काढता काढताच धवल म्हणाला. "संगीताचं काम झालं. युवराजला सांगून ठेवलंय. नवा कीबोर्ड घेतलाय त्यानं. सनई म्हणा, ढोल म्हणा, पाऊस म्हणा, एक बटण दाबलं की हजर. परवा म्हैस वाजवून दाखवली मला."

"म्हैस कशाला रं नाटकात?" शालूबाई म्हणाल्या.

"अगं, असूदे की. लागली तर?"

"मला विचारायचं होतंस आधी," चिन्मयी म्हणाली. "नाटक मी बसवणार आहे ना?"

"बसव की! तुला कोण नको म्हणतंय? पण तारीख घेतलीय मी, चिन्मयी. आजच्या वाचनानंतर संगीत कुणाचं ते पक्कं व्हायला पाहिजे. नाहीतर युवराज लग्नाच्या ऑर्डरी घेऊन बसेल, मग मार्गशीर्ष जाऊन माघ आला तरी हाताला लागायचा नाही."

कल्याणीनं चिन्मयीकडं बघितलं. चिन्मयीनं घड्याळाकडं. म्हणजे आजच. आज जर दारातून तो माणूस आला नाही, किंवा आला आणि आल्या पावली परत गेला, तर या नाटकाला म्हशीचं बटण लागणार. आणि तो नि श्रीपादराव पुन्हा एका खोलीत बसणं या जन्मी तरी कठीण.

कल्याणी समईत तेल घालायला वाकली आणि मनात देवीला म्हणाली, आई, माझ्या व्रताचं फळ मी कधी मागत नाही. आज मागते. त्या माणसाला दारातून परत जाऊ देऊ नकोस.

श्रीपादराव आतून संहितेची चळत घेऊन आले. हायस्कुलातून निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण हातात कागद असले की अजून वर्गात शिरल्यासारखेच यायचे. "झाले का सगळे? फोन टाका डब्यात. धवल, तुझे दोन्ही."

समई लागली. श्रीपादरावांनी चष्मा पुसला, घसा साफ केला, पहिलं पान उचललं. "नाक्यावर वरात," त्यांनी नाव वाचलं.

आणि बेल वाजली.

*

दार चिन्मयीनं उघडलं. बाहेर नागेंद्र उभा होता. केस पार पांढरे झालेले, खांद्यावर तीच झिजलेली काळी पेटी, हातात भडंगाची पिशवी.

"संकेश्वरला उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो की गं," तो म्हणाला. "न्हायतर कवाच आलो असतो." मग त्याची नजर आत गेली, आणि तो उंबऱ्याबाहेरच थांबला. "मास्तरांस्नी ठाऊक न्हाय व्हय मी येणार ते?"

हातातलं पान श्रीपादरावांनी तसंच धरलं होतं.

"कुणी बोलावलं याला?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. वर्गात त्यांचा असा आवाज लागला की मागची बाकं गप्प व्हायची.

"मी," चिन्मयी म्हणाली.

"काका, मला यातलं काही माहीत नाही हं," धवलनं लगेच हात झटकले. "मी युवराजला शब्द दिलाय."

"मी जातो," नागेंद्र म्हणाला. "वहिनी, ही भडंग तेवढी घ्या. निपाणीची हाय, ताजी."

कल्याणी उठली. वाचन सुरू झाल्यावर उठायचं नाही, हा नेम तिनं स्वतः कधी मोडला नव्हता. पण वाचन अजून कुठं सुरू झालं होतं? नुसतं नाव तर वाचलं होतं. तिनं दारात जाऊन पिशवी घेतली आणि बाजूला झाली, आत यायला जागा करून.

"समई लागलीय," ती नवऱ्याकडं वळून हळूच म्हणाली. "विम्याच्या एजंटाला आत घेतलं होतं आपण."

शालूबाई खुदकन हसल्या, आणि हसू दाबायला त्यांनी तोंडावर पदर धरला. श्रीपादराव पानाकडं बघत राहिले. शेवटी म्हणाले, "आत ये. पण दार लाव. गार वारं येतंय."

नागेंद्र आला आणि दाराजवळ भिंतीला टेकून बसला. पेटी उघडून त्यानं सॅक्सोफोनची पातळ वेताची पट्टी काढली, ज्याला तो रीड म्हणायचा, आणि ओली व्हायला जिभेवर ठेवली. ती तोंडात असली की त्याला बोलता येत नसे. सगळं वाचन तो असाच ऐकायचा. संहिता कधी हातात घेत नसे. एकदाच ऐकायचं आणि जेवढं डोक्यात राहील तेवढ्यालाच चाल लावायची. जे राहिलं नाही त्याला संगीत नकोच, असं तो म्हणायचा.

*

त्या दोघांची गाठ पडली ती निपाणीत, एका विद्यार्थ्याच्या लग्नात. नागेंद्रचे वडील भरमू तिथले नावाजलेले बँडमास्तर. वरातीत त्यांचा तरणा मुलगा सॅक्सोफोनवर सरळ चाल वाजवता वाजवता ती अशी काही वाकवायचा, की घोडं थांबायचं आणि म्हातारे शिव्या द्यायचे. बेळगावच्या कॅम्पात एका म्हाताऱ्या गोवेकर ट्रम्पेटवाल्याकडं तो जॅझ शिकला होता. श्रीपादराव वरातीबरोबर चालत राहिले आणि जेवायचं विसरले. "मला हे नाटकात पाहिजे," घरी येऊन ते नव्या नवरीला म्हणाले होते. कल्याणीनं जॅझ हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि तिला वाटलं होतं, एखाद्या मिठाईचं नाव असावं.

पुढं त्यांची चार नाटकं झाली. बेळगावात, पुण्यात, मुंबईत लोक म्हणू लागले, हा लेखक बोलायचं कुठं थांबतो आणि तो वाजवायला कुठं लागतो ते कळतच नाही. नागेंद्र बेंगळुरूला गेला, त्याचा स्वतःचा जॅझचा ताफा झाला, परदेशातून बोलावणी आली. पण मास्तरांचं नाटक म्हटलं की विमानातून उतरून तो थेट याच सतरंजीवर येऊन बसायचा.

आणि त्या सगळ्या नाटकांच्या शेवटांचं यश एका रुमालावर उभं होतं. पहिल्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला कल्याणी पुढच्या रांगेत होती. शेवटच्या प्रवेशात सॅक्सोफोन चढत चाललेला, हॉलमध्ये उकाडा मी म्हणत होता, आणि तिनं कपाळ पुसायला पांढरा रुमाल वर नेला. नागेंद्र खाडकन थांबला. वरातीच्या पुढं चालणाऱ्या वडीलधाऱ्यानं रुमाल वर केला की बँडनं असेल तिथं तोडायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. हॉल श्वास धरून राहिला. त्या शांततेत नायकाचं शेवटचं वाक्य असं पडलं, की पुण्याच्या पेपरात त्यावर रकाना भरून आला. दुसऱ्या प्रयोगाआधी नागेंद्र तिला शोधत आला. "वहिनी, आज बी तसाच रुमाल दाखवा हं."

तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाला कल्याणी पुढच्या रांगेत बसली, हातात रुमाल धरून. सत्कारात श्रीपादराव म्हणायचे, "आमचं आतून जुळतं." ती मागं बसून ऐकायची आणि रुमालाची घडी घालायची.

चौथं नाटक धरणावरचं होतं. त्याच्या एका प्रयोगाच्या दिवशी संकष्टी होती. चंद्रोदय झाला की अर्घ्य देऊन येते, म्हणून ती हॉलमागच्या अंगणात गेली, तर आभाळ भरून आलेलं. चंद्र काही दिसेना. अर्घ्य दिल्याशिवाय हलायचं कसं? आत शेवटची चाल सुरू झाली, चढली, आणखी चढली. रुमाल दाखवायला कुणी नव्हतं. स्टेजवर धवल शेवटचं भाषण तोंडात धरून उभा. त्यानं तोंड उघडलं की सॅक्सोफोन वर जायचा. शेवटी श्रीपादरावांनी विंगेतून हात करून पडदाच पाडायला लावला.

पडद्यामागं जे बोलणं झालं, ते सगळ्या मंडळींनी ऐकलं होतं. शेवट लेखकाचा असतो, असं एक जण म्हणाला. शेवट वरातीचा असतो, तुम्ही का न्हाय रुमाल दाखवला, असं दुसरा. त्यानंतर श्रीपादरावांनी संगीताशिवाय नाटकं लिहिली. वाईट नव्हती. लोक टाळ्या वाजवायचे आणि घरी जायचे.

*

पण हे नाटक! पहिला प्रवेश संपायच्या आधीच कल्याणीला कळलं की चिन्मयीनं उगाच धाडस केलेलं नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर साथीच्या दिवसांत एक वरात अडकते. नवरा अलीकडचा, नवरी पलीकडची, मधे आडवा दांडा आणि दांड्याशी एक हवालदार. कागद दाखवल्याशिवाय सोडत नाही. वरपक्ष मराठीत भांडतो, हवालदार कन्नडमधून उत्तर देतो, आणि सगळ्यांना सगळं कळतं. घोडं बिथरू नये म्हणून बँड वाजत राहतो. बँडमास्तर म्हातारा आहे, दम लागलेला आहे, पण थांबत नाही. त्याचं नाव भरमू.

ते नाव आलं तशी नागेंद्रची मान वर झाली.

श्रीपादराव वाचत होते, आणि इतक्या वर्षांत कल्याणीनं त्यांना असं वाचताना पाहिलं नव्हतं. हवालदाराचं वाक्य ते धवलकडं बघून वाचायचे, नवरीच्या आत्याचं शालूबाईंकडं बघून. शालूबाई हसून हसून कलंडल्या. धवल तर पुढं सरकत सरकत संहितेपाशी येऊन बसला होता. बँडच्या जागा आल्या की मात्र श्रीपादराव कुणाकडंच बघायचे नाहीत. "इथे बँड," एवढंच म्हणायचे आणि जरा थांबायचे. दाराजवळ काहीच वाजत नव्हतं. पण त्या थांबण्यात काय असायला हवं, ते खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू येत होतं.

"शेवटचा प्रवेश," ते म्हणाले. "दांडा वर होतो. कुणी हलत नाही. सगळ्यांना एवढी सवय झालीय अडकून राहायची. भरमू वाजवतो. वाजवतच राहतो. मग बँड थांबतो आणि हवालदार म्हणतो, 'चला की. वरात सोडलीय.' पडदा."

त्यांनी पानं खाली ठेवली. कुणी टाळी वाजवली नाही. घरच्या वाचनात वाजवायची नसते. सगळे दाराकडं बघत होते.

"बोल की," श्रीपादराव म्हणाले.

नागेंद्रनं तोंडाकडं बोट दाखवलं. मग रीड काढली, हातरुमालात धरली. त्याचे डोळे लाल झाले होते.

"माझ्या बापाचं नाव घातलंय तुम्ही, मास्तर. विचारलंत व्हय मला?"

"विचारायला तू बोलत होतास माझ्याशी?"

"मी बोलत नव्हतो? का तुम्ही फोन उचलत नव्हता?"

"तू केलासच कधी?"

"केलता की! गुढीपाडव्याला. शाळेच्या नंबरावर केलता."

"अरे, मी निवृत्त झालो त्याला जमाना झाला!"

"मग मला कुणी सांगितलं ते? शिपाई म्हणला, मास्तर न्हाईत. मी म्हणलो, असूनबी न्हाईत म्हणायला लावलं असणार."

शालूबाई आता उघडच हसत सुटल्या. "अगं बाई, देवा! आणि आम्ही समजतो थोर माणसं ही!"

"आक्का, हसू नका," नागेंद्र म्हणाला, पण तोही हसत होता. "धवल, तू राग धरून बसलायस न्हवं? मी तुझं भाषण खाल्लं म्हणून?"

"खाल्लं नाही, काका, गिळलं!" धवल म्हणाला. "स्टेजवर मी असा उभा होतो, आ करून. माझी बायको पुढच्या रांगेत होती. तेव्हा फक्त ठरलेली होती. लग्न मोडता मोडता राहिलं."

"मग या टायमाला शेवटाला तुझं एकच वाक्य हाय. ते मी खात न्हाय. आण तो डबा."

"कुठला?"

"तांदळाचा. ताल धर. मांडीवर नको, डब्यावर. लग्नातला ठेका, पण दम लागलेला."

धवलनं डबा ओढला. आत तांदूळ आणि सगळ्यांचे फोन. बोटं पडली तसा तो खुळखुळ वाजला. नागेंद्रनं रीड बसवली, पट्टा गळ्यात घातला, डोळे मिटले.

सुरुवातीला ती नुसती वरातीची चाल होती, लांबून येणारी, वाऱ्यावर अर्धी उडून गेलेली. मग ती अडखळली. एकाच ठिकाणी घुटमळली, मागं आली, पुन्हा त्याच दांड्याला जाऊन धडकली. आणि तिथून ती अशी काही वळली की धवलचा ठेका क्षणभर चुकला आणि सापडला, तो पहिल्यापेक्षा भारी सापडला. समोरच्या गच्चीवरच्या बाई मिरच्या सोडून कठड्याशी आल्या. चिन्मयी भराभर पानं उलटत होती, कुठं काय बसेल ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत. श्रीपादराव गुडघ्यावर उभे राहिले होते, त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

चाल थांबली तेव्हा धवल घामानं निथळत होता. "काका," तो म्हणाला, "युवराजला मी सांगतो. सांगतो काहीतरी. म्हैस परत घे म्हणतो."

*

आता खोलीत एकच गलका उडाला. चिन्मयी म्हणत होती, शेवट आत्ताच्या आत्ता करून बघू. नागेंद्र म्हणत होता, मला पाणी द्या आधी. श्रीपादराव म्हणत होते, हवालदाराचं वाक्य अगदी शांततेत पडलं पाहिजे, पूर्ण शांततेत.

आणि मग सगळे एकदम कल्याणीकडं वळले.

श्रीपादरावांनी खिशातून स्वतःचा रुमाल काढला. पांढरा, तिनंच सकाळी इस्त्री केलेला. तो त्यांनी तिच्यापुढं सतरंजीवर ठेवला. बायकोपुढं काही ठेवायची, मागायची त्यांना सवय नव्हती. हात जरा अवघडला. "घे," ते म्हणाले. "या वेळी मी स्वतः सांगतोय. तू पुढच्या रांगेत बस."

कल्याणीला आनंदानं रडू येईल असं वाटलं. मघाशी देवीकडं मागितलं ते पदरात पडलं होतं. तिनं रुमाल उचलला, गुडघ्यावर पसरला, नीट घडी घातली आणि नवऱ्याच्या हातात परत दिला.

"मी नाही दाखवणार," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे, नाटकाला येईन. पुढच्या रांगेत बसेन. पण रुमाल नाही."

"वहिनी!" नागेंद्र ताडकन उठला. "असं कसं? मग मी थांबू कसा?"

"तेच तर!" श्रीपादराव त्याच्या बाजूला उभे राहिले. "त्याला कळणार कसं कुठं थांबायचं? अगं, तो वाजवत राहील!"

"मास्तर बरोबर बोलतात. मी वाजवत ऱ्हाईन."

"बघ, तो स्वतःच सांगतोय."

कल्याणीनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि ते तिच्याविरुद्ध. तिला हसू आवरेना.

"आई, प्लीज," चिन्मयीही त्यांना जाऊन मिळाली. "शेवटाचं काय करू मी? तुला अचूक कळतं कुठं थांबायचं ते."

"काही कळत नाही गं मला. तुम्ही उगाच समजता. चाल चढली की मला भीती वाटायची, आता हे फार झालं, आता काहीतरी मोडेल. म्हणून रुमाल वर करायचे. दुसरं काही नाही."

"पण ती भीतीच बरोबर असायची!" श्रीपादराव म्हणाले.

"असेल. पण ती मला वाटायची ना." तिचा आवाज नेहमीसारखा मऊच होता, त्यांना ऐकायला वाकावं लागलं. "तुमच्या चार नाटकांचे मी किती प्रयोग बघितले, पण एकाचाही शेवट मला ऐकू आला नाही. सगळं लक्ष रुमालावर. आत्ता करू का, थोडं थांबू का. लोक रडायचे, मी त्यांच्या खोकल्याकडं कान लावून बसायचे. त्या संकष्टीला बाहेर अंगणात उभी होते ना, चंद्राची वाट बघत, तेव्हा भिंतीपलीकडून ती चाल ऐकली. सगळी. तेवढं एकदाच. मग कळलं की हे एवढं सुंदर होतं, आणि मी आपली घडी घालत बसत होते."

शालूबाई सरकत सरकत जावेच्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी तिच्या मांडीवर हात ठेवला.

"बरोबर हाय तिचं," त्या म्हणाल्या. "बायकोनं रुमाल दाखवायचा, तवा तुमचं आतून जुळणार. आता जुळवा की तुमचं तुम्ही. का लाज वाटती?"

"आक्का, तसं नाही..."

"मग कसं?"

श्रीपादराव नागेंद्रकडं बघत राहिले, नागेंद्र श्रीपादरावांकडं. शेवटी नागेंद्रनं डोकं खाजवलं. "मास्तर, स्टेजवर तुम्हीच हवालदार व्हा की."

"आणि मी?" धवल ओरडला.

"तू ताशा वाजव. डबा चांगला वाजवतोस."

"शेवटाला माझं एक वाक्य होतं, काका! एकच! तेही गेलं?"

"मी अभिनय केला नाही कधी," श्रीपादराव म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी पेटलं होतं. "आणि शब्द माझा, मी म्हणेन तेव्हा तू थांबायचंस."

"न्हाय. मी थांबलो की तुम्ही बोलायचं."

"पुन्हा सुरू झालं," चिन्मयी कपाळाला हात लावून म्हणाली. मग तिच्यातली दिग्दर्शिका जागी झाली. तिनं दोघांना दंड धरून खाली बसवलं, समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लागतील असं. "खाली कुठं बघायचं नाही. कागद नाही, डोळे मिटायचे नाहीत. एकमेकांकडं बघा. जो थांबेल तो थांबेल. धवलदादा, ठेका."

"साकु रं, बास, जरा हळू," धवलनं डबा ठोकताच शालूबाई म्हणाल्या. "फोन फुटतील सगळ्यांचे."

चाल पुन्हा निघाली. या वेळी ती आधीची नव्हती. नागेंद्र तेच परत कधी वाजवत नसे. श्रीपादराव त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होते, आणि नागेंद्र त्यांच्या डोळ्यांकडं. चाल नाक्याशी आली, दांड्याला धडकली, मागं फिरली. चढायला लागली.

कल्याणीचा हात सवयीनं मांडीवर चाचपू लागला. तिथं काही नव्हतं. तिनं दोन्ही हात एकमेकांत गुंफले, भिंतीला टेकली आणि डोळे मिटून घेतले.

चाल चढत गेली. आता हे फार झालं, असं वाटायची जागा आली आणि मागं पडली. काही मोडलं नाही. तिथून पुढं एक मोकळं मैदान होतं, जिथं ती कधी गेलीच नव्हती. तिला आपल्या मुलीचा जन्म आठवला, सासूबाईंचं जाणं आठवलं, निपाणीच्या रस्त्यावर जेवायचं विसरलेला तरणा नवरा आठवला. मग काहीच आठवेनासं झालं, नुसता तो आवाज राहिला, उपवासाच्या रिकाम्या पोटात घुमणारा, आणि दिवसभर जपलेलं देवीचं नाव त्याच लयीत आपोआप ओठांवर आलं.

कुणीतरी तिला हलवत होतं. तिनं डोळे उघडले. ठेका थांबला होता. दोघंही उठून तिच्यापुढं उभे होते. श्रीपादरावांचा चष्मा नाकावरून घसरलेला, नागेंद्रचा दम लागलेला, आणि दोघांचे चेहरे दिवाळीतल्या पोरांसारखे फुललेले.

"तू सांग," श्रीपादराव म्हणाले. "हा म्हणतो तो आधी थांबला. आधी माझं वाक्य पडलं की नाही?"

"वहिनी, देवाशपथ सांगा. मी आधी थांबलो, मग मास्तर बोललं. व्हय का न्हाय?"

"कल्याणी, तू समोरच होतीस!"

कल्याणीनं पदरानं डोळे पुसले.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "मी ऐकत होते."